मिकी प्रश्न विचारतो, उत्तर ऐकत नाही

'शैक्षणिक कार्टून लावून द्या, बाळ आपोआप बोलायला आणि मोजायला शिकतं', हा सल्ला पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतोय. त्यामागची काळजी खरी आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

'मिकी माउस क्लबहाउस' घ्या. १९२८ पासून पडद्यावर असलेल्या मिकीला घेऊन २००६ मध्ये खास शाळेआधीच्या मुलांसाठी काढलेली ही मालिका. अडचण आली की मिकी थेट आपल्याकडे बघून विचारतो, यातली कोणती वस्तू वापरू? आणि थांबतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे थांबणं खरंच उपयोगी पडतं. दीड वर्षाच्या बाळाचं तसं नसतं. साधारण अडीच वर्षांपर्यंत मुलं पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त चांगलं शिकतात, कारण माणूस त्यांच्या हुंकारालाही प्रतिसाद देतो. पडदा देत नाही. खात्री करायची तर मुद्दाम चुकीचं उत्तर मोठ्यानं द्या. मिकी 'बरोबर' म्हणूनच पुढे जाईल.

मोजणं आलंय का, तेही घरीच कळतं. टीव्ही बंद करून ताटात तीन चमचे ठेवा. 'एक, दोन, तीन' घडाघडा म्हणणं वेगळं आणि एकेका चमच्यावर बोट ठेवत मोजणं वेगळं.

मालिका मनापासून बनवलेली आहे, जरूर दाखवा. फक्त शेजारी बसा, आणि मिकी थांबला की मुलाचं उत्तर तुम्ही ऐका.