कट्टा, कठडा, कुंपण: मुंबईच्या मोकळ्या जागांची पार्श्वभूमी

महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर आता मुंबई महापालिकेकडे येत आहेत. शेजारीच कोस्टल रोडच्या भरावावर सुमारे १७५ एकर मोकळी जमीन तयार झाली आहे. दोन्ही मिळून जवळपास ३०० एकरांचे उद्यान करायचे घाटते आहे. २०२४ पासून चर्चा चालते ती भुयारी मार्गाची, वाहनतळाची, खर्चाची आणि हे काम कोणाच्या हाती जाणार याची. तिथे संध्याकाळी कोण येऊन बसेल, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. खरे तर या बाबतीत मुंबईच्या गाठीशी दीडशे वर्षांचा अनुभव आहे. गंमत म्हणजे, ज्या जागा मुंबईकरांनी आपल्या मानल्या त्यांतल्या बऱ्याचशा भलत्याच कारणांनी मोकळ्या राहिल्या होत्या. एक तोफांसाठी, एक प्लेगच्या धास्तीपायी, तर एक जमिनीच्या धंद्यातून. पुढे त्यांचे बरेवाईट काय झाले, ते बहुतेक वेळा त्यांची कड कशी आहे यावर ठरले. तिथे टेकायला जागा आहे का, आत शिरायला कोणाला विचारावे लागते का, यावर.

सुरुवात तोफांपासून करू. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीला फ्रेंचांची धास्ती होती. फोर्टच्या तटावरून मारा करायचा, तर समोर आडोसा नको. म्हणून तटाबाहेरची घरे आणि माड हटवून एक रुंद पट्टा मोकळा ठेवला गेला. हाच एस्प्लनेड. १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टमध्ये मोठी आग लागली, त्यानंतर हा पट्टा आणखी वाढवण्यात आला. आगीत घरे गेलेली पुष्कळ देशी कुटुंबे पट्ट्याच्या पलीकडे जाऊन वसली. गोऱ्यांचा फोर्ट इकडे, देशी वस्ती तिकडे आणि मधे रिकामे रान, अशी शहराची ठेवण त्यातून पक्की झाली. पण रान रिकामे कधीच नव्हते. उन्हाळ्यात साहेब लोक तिथे तंबू ठोकत, तात्पुरते बंगले उभारत आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोडून नेत. कवायती होत, धोबी कपडे वाळत घालत, गुरे चरत. पुढे सरकारने चराईवर कर बसवला. गरिबांना तो परवडेना, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी पदरचे पैसे घालून ठाकूरद्वारजवळ गुरांसाठी मोफत कुरण घेतले आणि चर्नी रोडचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. नावाची कथा खरी असो वा नसो, मोकळ्या जागेवर दाम लावला की तिथून आधी कोण बाहेर पडते, ते मुंबईने फार लवकर पाहिले.

१८६२ मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आले आणि त्यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता आणि तोफा व तट यांचा जमाना सरला होता. तटाच्या जागेवरून रस्ते गेले, एस्प्लनेडचे काही तुकडे विकले गेले, काहींवर सरकारी इमारती आल्या. सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय यांची रांग समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. त्यांच्यासमोरचा तुकडा म्हणजे ओव्हल. समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जवळ होता. आज आपण ज्यांना आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज म्हणतो, ते सगळे एकाच पट्ट्याचे रस्त्यांनी कापलेले तुकडे आहेत. कोणा उद्यानरचनाकाराची त्यामागे फारशी कल्पना नव्हती. विकून उरले ते मैदान झाले, असे म्हटले तरी चालेल.

मैदान मोकळे असले म्हणजे ते सगळ्यांचे असतेच असे नाही. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला आणि आजच्या आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला गोऱ्यांचा तंबू कायमचा पडला. त्याच मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. आठवड्यातून एकदोनदा साहेबांचा पोलो व्हायचा. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जायची आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कुठे उडेल याचा नेम नसायचा. १८८० च्या सुमारास देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले: जिमखान्याकडे स्वतःचे राखीव मैदान आहे, तिथे पोलो खेळावा, आमची खेळपट्टी का नासवता? हे प्रकरण काही वर्षे चालले. एकदा निकाल देशी खेळाडूंच्या बाजूने लागला, मग फिरला. अखेर सरकारने तोडगा काढला तो असा: समुद्राकाठी केनेडी सी फेसवर पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा एकेका समाजाला जिमखान्यासाठी जागा द्यायची. भांडण मिटले, पण सामाईक मैदानावरचा हक्क मागितला असता हाती आली ती वेगवेगळी कुंपणे. हे जिमखाने आजही तिथेच आहेत. मरीन ड्राइव्हवरून चालताना डाव्या-उजव्या हाताला काय आहे ते पाहिले, तर एका बाजूला सगळ्यांचा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सभासदांची हिरवळ दिसते.

याच काळात आखीवरेखीव कामही झाले. टाउन हॉलसमोरचे बॉम्बे ग्रीन म्हणजे तेव्हा धूळ आणि कचऱ्याचे आगर. पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून तिथे गोल बाग आणि भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती उभ्या राहिल्या आणि १८७२ पर्यंत एल्फिन्स्टन सर्कल पूर्ण झाले. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. सुंदर बाग आहे, सावली दाट आहे. पण फाटक लागले की लागले.

मग १८९६ चा प्लेग आला. त्याने शहराला हवा, उजेड आणि दाटी यांचा विचार करायला भाग पाडले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरगाव-मांडवीकडच्या कोंदट वस्त्यांतून नवे रस्ते काढणे आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे नव्या वसाहती आखणे ही त्याची कामे. वस्त्या पाडताना ट्रस्टने गरिबांचे हाल केले, हे नोंदवायला हवे. दादर-माटुंग्याच्या आराखड्यात मात्र रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, घरांभोवती सोडलेली जागा आणि फाइव्ह गार्डन्ससारख्या बागा आल्या. मोकळी जागा म्हणजे साहेबाची चैन नसून आरोग्याची गरज आहे, हा विचार शहराच्या नकाशात तेव्हा शिरला.

त्याच हवेत, १९२५ मध्ये, महापालिकेने माहीम-दादरच्या किनाऱ्यालगत एक मोठे मैदान लोकांसाठी खुले केले. सुरुवातीचे नाव माहीम पार्क. शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झाले. क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. भोवती दुमजली-तिमजली घरे आणि त्या सगळ्यांच्या पुढे, मैदानाला पूर्ण वेढा घालणारा कट्टा.

हा कट्टा नीट पाहावा. उंची अशी की टेकताना वाकावे लागत नाही आणि ओलांडायचा म्हटला तर पोरे धावत ओलांडतात. त्याला तोंड नाही. मैदानाकडे पाय सोडून बसा किंवा रस्त्याकडे. मॅच पाहायची असेल तर आत वळा, ओळखीचे कोण जाते ते पाहायचे असेल तर बाहेर. बाकड्यावर दोघे-तिघे मावतात आणि अनोळखी माणसाशेजारी बसताना अवघडायला होते. कट्ट्यावर हवे तेवढे अंतर राखता येते, आणि मंडळी वाढली की नुसते सरकायचे. मागे मोठाली झाडे, त्यामुळे दुपारीही कुठे ना कुठे सावली मिळते. सकाळी फेऱ्या मारणारे आजोबा, नंतर किट घेऊन आलेली पोरे आणि त्यांचे डबे सांभाळणाऱ्या आया, संध्याकाळी कॉलेजची टोळकी आणि काहीच न करता बसलेली माणसे. तिकीट नाही, ऑर्डर द्यावी लागत नाही, कोणी उठवत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी कॅमेरे लावून चौकांतली माणसे मोजली. १९६१ च्या नियमानुसार तिथे बिल्डरांना इमारतीपुढे मोकळा चौक सोडला की वर जादा मजले मिळत. चौक झाले, पण कितीतरी ओस पडलेले. व्हाइट यांचा निष्कर्ष ऐकला की वाटते, यात शोधायचे काय होते? जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. मूर्ती, कारंजी, चौकाचा आकार हे सगळे त्यानंतर. फूटभर ते तीन फूट उंचीची कसलीही कड चालते आणि रस्त्याच्या जवळची जागा सगळ्यात आधी भरते. १९७५ मध्ये न्यूयॉर्कने आपले नियम त्यानुसार बदलले. दादरच्या कट्ट्यावर तोवर दोन पिढ्या बसून उठल्या होत्या.

शिवाजी पार्कवर याच मोकळेपणाचा ताणही आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, १९६६ पासून दसरा मेळावे झाले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांचा मुक्काम इथे असतो आणि पुस्तकांच्या स्टॉलवर रात्रीपर्यंत गर्दी हटत नाही. रहिवासी आवाजाविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरवला. अलीकडची तक्रार लाल मातीच्या धुळीची. तक्रारी खऱ्या आहेत. तरीही ६ डिसेंबरची गर्दी पाहून नाक मुरडणाऱ्यांना मैदान कोणाचे वाटते, हा प्रश्न मला पडतो.

मरीन ड्राइव्हच्या कठड्याची कथा वेगळी. बॅकबेच्या समुद्रातली भरणी १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सुरू झाली आणि तिच्यातला सावळा गोंधळ वकील आणि काँग्रेस नेते वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. ठरवलेल्या जमिनीपैकी बरीचशी भरलीच गेली नाही. जी भरली गेली तिच्यावर मरीन ड्राइव्हचा रस्ता आला आणि १९३०-४० च्या दशकांत त्याच्या काठी आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये हा परिसर ओव्हलभोवतीच्या गॉथिक इमारतींसह जागतिक वारसा यादीत गेला. वारसा इमारतींना मिळाला, पण लोक येतात ते समुद्राकडच्या रुंद, विनामूल्य कठड्यासाठी. खोलीत दहाजण राहणाऱ्या माणसाला आणि प्रेमात पडलेल्यांना या शहरात दुसरीकडे जायला जागा आहे कुठे?

कुंपण मात्र सरसकट वाईट म्हणता येत नाही. १९९० च्या दशकात ओव्हल पार उकिरडा झाला होता. अतिक्रमणे, कचरा, रात्रीचे धंदे. आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले, देखभाल त्यांच्या संघटनेकडे आली, कुंपण घातले गेले, हिरवळ परतली. आज तिथे रविवारी एकात एक घुसलेल्या दहा-बारा मॅच चालतात, म्हणजे जागा मेलेली नाही. पण रात्री फाटक बंद होते आणि देखभाल करणाऱ्यालाच आपण मालक आहोत असे हळूहळू वाटू लागते. मैदाने दत्तक देण्याचे महापालिकेचे धोरण वारंवार निघाले, वादात सापडले आणि थांबले, ते याच भीतीपोटी. त्याच सुमारास वांद्र्यात कार्टर रोडला दुसरा मार्ग निघाला. डेब्रिज टाकायची जागा झालेला किनारा रहिवासी आणि वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी मिळून चालण्या-बसण्याजोगा केला, तोही कोणाला न अडवता.

याच्या नेमके उलट २०१८ मध्ये फोर्टात दिसले. एका बँकेच्या शाखेबाहेर लोक टेकत त्या पायरीवजा कडेवर टोकदार लोखंडी खिळे बसवले गेले. फोटो फिरले, आरडाओरड झाली आणि खिळे काढावे लागले. मुंबईत नव्या इमारतींच्या दर्शनी बाजूला तिरप्या ग्रॅनाइटच्या कडा असतात, त्यांचे फोटो मात्र कोणी काढत नाही. काम तेच करतात.

कोस्टल रोडचा नवा सागरी पदपथ २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. लांबरुंद आहे, वारा मस्त आहे. पण त्याच्या आणि शहराच्या मधे वेगाने गाड्या धावणारा रस्ता आहे आणि तिथे पोहोचायचे ते ठरावीक भुयारी मार्गांनी. वरळीतला माणूस घरातून उठून चपला घालून सहज जाऊन बसला, असे तिथे होत नाही. ३०० एकरांच्या उद्यानालाही हाच रस्ता आडवा येणार आहे. तेव्हा रेसकोर्सच्या बाजूने किती फाटके ठेवणार, ती किती वाजेपर्यंत उघडी असणार आणि भोवती कुंपण घालणार की कट्टा, हे झाडांची यादी पक्की करण्याआधी ठरायला हवे.