शेवंडीसाठी बुडी मारायची तर

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात शेवंड येते ती जाळ्यात सापडलेली. तिच्यासाठी कुणी पाठीला सिलिंडर बांधून खाली उतरलेलं नसतं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मात्र बोटीने जाऊन, बुडी मारून, लॉब्स्टर आणि स्कॅलॉप हाताने गोळा करणारे लोक आहेत. लॉब्स्टर म्हणजे आपल्या शेवंडीचा दूरचा नातलग, पण नांग्या दणदणीत. स्कॅलॉप हा पंख्याच्या आकाराचा शिंपला. मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना काढला की हौशी माणूसही लॉब्स्टर धरू शकतो. जवळच्या मेन राज्यात लॉब्स्टर फक्त पिंजऱ्याने धरायचा असा कायदा आहे. तिथले डायव्हर भर हिवाळ्यात उतरतात ते स्कॅलॉपसाठी.

पुण्याच्या स्विमिंग टँकमध्ये स्कूबा शिकून तारकर्लीला चार बुड्या मारलेला एखादा मुलगा पुढे शिकायला बॉस्टनला जातो आणि तिथल्या बोटीची सामानाची यादी बघून चक्रावतो. यादी लांबलचक असते, पण त्यात पकडण्याची साधनं दोनच: जाळीची पिशवी आणि मापाची पट्टी. बाकीचं सगळं माणूस धडपणे वर यावा म्हणून.

पट्टी हातभर लांब वगैरे नसते. पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा खाच पाडलेला तुकडा, मनगटाला दोरीने अडकवलेला. लॉब्स्टरला पाठीवरून धरायचं, पट्टीचं एक टोक डोळ्याच्या खोबणीत मागच्या बाजूला टेकवायचं आणि दुसरं टोक पाठीचं कवच संपतं तिथे येतं का ते बघायचं. शेपूट मोजायची नाही. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगतच्या मेनच्या आखातात किमान माप सव्वातीन इंच आणि कमाल पाच. पोटाखाली अंडी चिकटलेली मादी दिसली की माप न घेताच सोडायची. भाला मारायलाही बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे; भोसकलेला प्राणी लहान निघाला तर सोडून काय उपयोग? आपल्याकडेही शेवंडीच्या निर्यातीसाठी २००३ पासून किमान वजनं ठरलेली आहेत. मुंबईच्या बाजूला मिळणाऱ्या मुख्य जातीसाठी ३०० ग्रॅम.

आता थंडी. तारकर्लीचं पाणी २७-२८ अंशांचं, तिथे पातळ वेटसूट पुरतो. मॅसॅच्युसेट्समध्ये तळाशी उन्हाळ्यातसुद्धा १०-१२ अंश, हिवाळ्यात तीन-चार. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वेटसूटच्या निओप्रीन रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ऊब तेच धरतात. पण २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो आणि ते बुडबुडे दबतात. म्हणजे जिथे ऊब सगळ्यात जास्त हवी, तिथेच सूट पातळ होतो! म्हणून तिथले लोक ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरणारा सूट, घालतात. आत कोरडे उबदार कपडे, आणि खोल जाताना सूटमध्ये थोडी थोडी हवा सोडत राहायचं. हातमोजे जाड घ्यावेत. लॉब्स्टरची एक नांगी चिरडायची आणि दुसरी कापायची असते, आणि दोन्ही आपलं काम चोख करतात.

थंडीचा खरा फटका बसतो रेग्युलेटरला, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राला. सिलिंडरमधली २०० बारची (बार हे दाबाचं एकक) हवा त्याच्या पहिल्या टप्प्यात एकदम सुमारे दहा बारपर्यंत उतरते. वायू असा झपाट्याने प्रसरण पावला की गार पडतो. बाहेरचं पाणी आधीच चार अंशांचं असेल तर झडपेवर बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा धो धो वाहू लागते. काही मिनिटांत सिलिंडर रिकामा. म्हणून पाण्यापासून बंदिस्त केलेला, थंड पाण्यासाठीचाच रेग्युलेटर हवा, आणि सोबत स्वतःचा रेग्युलेटर असलेला वेगळा छोटा सिलिंडर. सोबती शेजारी असतोच म्हणतात, पण दोघंही खाली मान घालून शिंपले शोधत असतात, तेव्हा या छोट्या सिलिंडरवर कंजुषी करू नये असं माझं मत.

वजनाचं गणित तर भलतंच रंजक आहे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २,४०० लिटर हवा मावते आणि तिचं वजन तीन किलोच्या आसपास भरतं. ती वापरली जाते तसा डायव्हर हलका होत जातो, म्हणून कमरेची शिसं जवळपास रिकाम्या सिलिंडरचा हिशेब धरून ठरवतात. पण इथे उलटीच भर पडते: स्कॅलॉपच्या कवचाचा कॅल्शियम कार्बोनेट पाण्याच्या अडीचपटीहून जड, त्यामुळे पिशवी जडच होत जाते. नवखा माणूस काय करतो? अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरून तोल सांभाळतो. मग पिशवी हातातून सुटली की तो थेट वर फेकला जातो. वर जाताना जॅकेटमधली हवा आणखी फुगते, आणि घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसातलीही.

यावर उपाय साधा आहे. पिशवी अंगाला पक्की बांधायची नाही, आणि भरली की उचलफुग्याला लावून वेगळी वर पाठवायची. २० मीटरवर तळाशी फुग्यात दहा लिटर हवा सोडली तर पृष्ठभागाशी तिची तीस लिटर होते, म्हणून फुगा वेग घेत जातो. तो सुटताना ना दोरीत बोट अडकवायचं, ना त्याच्याखाली थांबायचं. कलंडला तर पिशवी डोक्यात.

कात्री किंवा दोरकाप्या हाताशी हवाच, कारण त्या समुद्रात पिंजऱ्यांच्या दोऱ्या जागोजागी लोंबत असतात. बिळात बघायला टॉर्च, गढूळ पाण्यात दिशेला होकायंत्र. बोटीवर लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा असलेला झेंडा, प्रवाहात हात धरायला मागे सोडलेली दोरी, मजबूत शिडी आणि शुद्ध ऑक्सिजनचा संच.

राहिला मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि बाहेरचा दाब फार लवकर कमी झाला तर अंगात त्याचे बुडबुडे होऊन इजा होते; त्याचा हिशेब तो ठेवतो. पुणेकरांनी याच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं. पुणे ५६० मीटर उंचीवर, इथला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. तीनशे मीटरच्या वर मारलेली बुडी उंचीवरची बुडी धरतात. इथल्या टँकमध्ये फारसं बिघडत नाही. पण तारकर्लीला सकाळी दोन बुड्या मारून दुपारी आंबोलीमार्गे गाडी काढली, तर अंगात नायट्रोजन शिल्लक असताना माणूस सुमारे ६९० मीटरवर पोचतो. विमानप्रवासासाठी एकापेक्षा जास्त बुड्यांनंतर किमान १८ तास थांबायला सांगतात, आणि तो नियम ६०० मीटरपासूनच्या केबिन उंचीला (विमानातल्या हवेचा दाब जितक्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती) लागू धरतात. आंबोली त्या रेषेच्या वर, पुणे किंचित खाली. मालवणात एक मुक्काम वाढवावा, दुसऱ्या दिवशी जेवून निघावं.