खनिज भुकटीतील अ‍ॅस्बेस्टॉस तपासणी: अर्ज कोण करू शकतो, कागदपत्रे कोणती आणि नमुना कसा द्यावा

शंखजिरे (टाल्क) ज्या मॅग्नेशियमयुक्त खडकांत तयार होते, त्याच खडकांत ट्रेमोलाइट आणि अँथोफिलाइट ही खनिजेही असू शकतात, आणि त्यांचे तंतुमय रूप म्हणजे श्वासावाटे शरीरात गेल्यास घातक ठरणारे अ‍ॅस्बेस्टॉस. म्हणून शंखजिऱ्याची किंवा व्हर्मिक्युलाइट या अभ्रकासारख्या खनिजाची भुकटी डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसली, तरी ती अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते.

तपासणीसाठी खाणचालक, उत्पादक, आयातदार यांच्याप्रमाणेच सामान्य ग्राहकही साधारणपणे अर्ज करू शकतो. दुसऱ्याच्या वतीने अर्ज करणाऱ्याने अधिकारपत्र जोडावे. अर्जासोबत भुकटीचे नाव, बॅच क्रमांक, उगमस्थान, नमुना घेतल्याची तारीख व जागा, उपलब्ध असल्यास सुरक्षा माहितीपत्रक, आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची सह्यांसह नोंद असलेले हस्तांतरण पत्रक द्यावे. प्रयोगशाळेची आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांच्या क्षमतेचे आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता पाहताना केवळ प्रमाणपत्रावर न थांबता, मान्यतेच्या व्याप्तीत आपल्याला हवी असलेली चाचणी पद्धत आहे का, हे तपासावे.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा रकाना चाचणी पद्धतीचा असतो, आणि नेमका तोच पुष्कळदा कोरा सोडला जातो. क्ष-किरण विवर्तनाने खनिज ओळखता येते, पण तेच ट्रेमोलाइट तंतुमय आहे की साध्या कणांच्या रूपात आहे, हे त्यातून कळत नाही. ध्रुवीकृत प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचा आकार आणि प्रकाशीय गुणधर्म दोन्ही पाहता येतात. काचपट्टीवर चिमूटभर भुकटी घेऊन तिच्यावर १.५५० अपवर्तनांकाच्या (प्रकाश किती वळतो याचे माप) तेलाचा थेंब टाकला, की योग्य भिंगाखाली क्रायसोटाइल या अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रकाराचे नागमोडी तंतू किरमिजी-निळ्या रंगांत उठून दिसतात. शंखजिऱ्याचा चपटा कण कडेवर उभा राहिला, तर तोही क्षणभर तंतूच भासतो, म्हणून विश्लेषक तो फिरवून पाहतो. प्रकाश सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रोमीटरहून बारीक तपशील वेगळे दाखवता येत नाहीत. इतके बारीक तंतू शोधायचे असल्यास पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मागणी अर्जात स्पष्ट लिहावी, कारण त्यात तंतूची स्फटिकरचना आणि रासायनिक घटक दोन्ही तपासता येतात. माझ्या मते, अंगाला लावायच्या भुकटीसाठी ही मागणी टाळू नये.

नमुना घेताना पंखा बंद ठेवावा आणि योग्य श्वसन-मास्क वापरावा. अ‍ॅस्बेस्टॉस पोत्यात सगळीकडे सारखे पसरलेले नसते, त्यामुळे वर, मध्ये व तळाशी अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून थोडी थोडी भुकटी घ्यावी. ती कुटू किंवा चाळू नये, कारण कुटण्याने तंतू तुटून त्यांचे मूळ रूप हरवते. किती ग्रॅम लागेल हे प्रयोगशाळेलाच विचारावे. नमुना हवाबंद डबीत भरून ती डबी दुसऱ्या पिशवीत सीलबंद करावी आणि दोन्हींवर सारखीच खूण लिहावी.

अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रकार, वापरलेली पद्धत आणि शोधमर्यादा (त्या पद्धतीने ओळखता येणारे किमान प्रमाण) हे तिन्ही तपशील असावेत. ‘आढळले नाही’ एवढाच शेरा असल्यास शोधमर्यादा लेखी मागावी, कारण त्या मर्यादेखालचे प्रमाण अहवालात दिसत नाही, भुकटीत मात्र ते असू शकते.