घराचा ताबा कायद्याने, डिपॉझिट मालकाच्या मर्जीने

ठाणे-नवी मुंबईत भाड्याचं घर सोडताना वाद होतो तो बहुतेक डिपॉझिटवरून. मालक दर वेळी लबाड असतो असं नाही. पुष्कळदा त्याने ती रक्कम केव्हाच वापरलेली असते आणि नवा भाडेकरू पैसे देईपर्यंत जुन्याला द्यायला हातात काही नसतं. पण हा व्यवहार इतका सैल राहिला, याचं मूळ भाडेकायद्यात आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडं (मालकाला घेता येणारं कमाल भाडं) १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं आणि वर पागडी घेणं गुन्हा ठरवलं. पागडी थांबली नाही, फक्त पावती गेली. भाडेकरूला हटवणं जवळपास अशक्य झाल्यावर मालक लिव्ह अँड लायसन्सकडे, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी राहण्याची नुसती परवानगी देणाऱ्या कराराकडे वळले. मग १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहणाऱ्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ‘घर अडकेल’ ही मालकांची धास्ती तिथून पक्की झाली. अकरा महिन्यांचा करार, भरभक्कम डिपॉझिट आणि नाहीतर कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट, हे सगळं त्याच धास्तीचं पीक.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५६ ने प्रीमियम (पागडीसारखी वरची रक्कम) आणि डिपॉझिट घेणं उघडपणे कायदेशीर केलं. कलम २४ ने मालकाला जलद वाट दिली: मुदत संपूनही लायसन्सधारक हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, वर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई. डिपॉझिट किती महिन्यांचं असावं, किती दिवसांत परत द्यावं, उशिराला व्याज किती, यावर मात्र कायदा गप्प आहे. ते वसूल करायला लायसन्सधारकाला साधा दिवाणी दावाच लावावा लागतो.

गंमत अशी की व्याज सरकार मोजतं. मुद्रांक शुल्क ठरवताना परतफेडीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज गृहीत धरतात. घोडबंदर रोडचा फ्लॅट, भाडं २५,०००, डिपॉझिट १ लाख, मुदत ११ महिने असा करार घ्या. भाडं २,७५,००० अधिक गृहीत व्याज ९,१६७, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७१० रुपये शुल्क आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी. ज्याचे पैसे पडून असतात त्याला यातलं काहीच मिळत नाही.

केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडे कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे, आणि मालकाने रिकाम्या घराचा ताबा परत घेतानाच परतावा द्यायचा आहे. पण तो नमुनाच. ठाण्यात चालतो तो १९९९ चा कायदा.

म्हणून सगळी भिस्त करारातल्या एका वाक्यावर येते. एजंटच्या छापील मसुद्यात दुप्पट भरपाईचं कलम असतंच. त्याच्या जोडीला ‘रिकामा ताबा देतानाच डिपॉझिट परत, अन्यथा अमुक टक्के व्याज आणि रक्कम मिळेपर्यंत भाडं न देता राहण्याचा हक्क’ हे लिहून घ्यावं. रंगकामाचा आकडाही तेव्हाच ठरवावा. नेहमीची झीज कापून घेण्यावरून सर्वांत जास्त खटके उडतात. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देतं, हे लॉक-इनच्या (ठरलेल्या किमान मुदतीआधी घर न सोडण्याच्या अटीच्या) नावाखाली सगळं डिपॉझिट गिळू पाहणाऱ्यांना ऐकवायला उपयोगी पडतं.

पैसे बुडतात ते ठरलेल्या जागी. अर्धी रक्कम रोख दिली आणि करारात फक्त चेकचा आकडा आला. नूतनीकरणाच्या करारात ‘पूर्वीचं डिपॉझिट पुढे धरलं’ ही ओळ राहून गेली. मधेच फ्लॅट विकला गेला आणि नवा मालक म्हणतो, मला कुणी काही दिलं नाही. हेवी डिपॉझिटमध्ये, म्हणजे मोठी रक्कम ठेवून भाडं नाममात्र किंवा शून्य ठेवण्याच्या व्यवहारात, तर मालकाचं गृहकर्ज थकलं आणि बँकेने घर ताब्यात घेतलं की लाखो रुपये हवेत.

गावठाणातल्या इमारतींत करार नोंदवलेलाच नसतो. तिथे १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ कामी येतं: नोंदणी ही मालकाची जबाबदारी, आणि नोंदलेला करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. बँकेतून गेलेली रक्कम आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं तेवढं जपून ठेवावं.

सोडण्याची नोटीस लेखी द्यावी. शेवटच्या दिवशी वीज मीटरचा आणि पाइप गॅसचा आकडा, भिंती, नळ, गिझर यांचा व्हिडिओ मालकासमोर काढावा, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र घ्यावं आणि चावी दिल्याची सही घ्यावी. ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा’ हा तोडगा सर्रास चालतो, पण मालकाची लेखी संमती नसेल तर ती थकबाकी ठरते. तरीही रक्कम अडली तर वकिलाची नोटीस, मग दावा. परताव्याची तारीख उलटल्यापासून त्यासाठी ३ वर्षं मिळतात.