स्कोअर जिथे, गर्दी तिथे

२२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवरून यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, नवीन काही टाकता येत नाही. जुनं वाचता येतं, एवढंच. बहुतेकांना ही बातमी कळलीही नाही, आणि ज्यांना कळली त्यांतल्या अनेकांना 'यूजनेट म्हणजे काय' हे आधी शोधावं लागलं असेल. पण १९९०च्या आगेमागे अमेरिकेत शिकायला गेलेल्या क्रिकेटवेड्यांसाठी यूजनेट म्हणजे त्यावरचा क्रिकेटचा गट, रेक.स्पोर्ट.क्रिकेट. तिथून ही मंडळी पुढे कुठे कुठे गेली, त्याची ही मागची गोष्ट.

त्यांची अडचण आज समजावून सांगावी लागते. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेला, पानाच्या ठेल्यावर 'किती झाले?' विचारत घरी जाणारा मुलगा मिनेसोटाच्या बर्फात जाऊन पडला की त्याला स्कोअर कळणार कसा? तिथल्या पेपरांत क्रिकेट जवळजवळ नाही, टीव्हीवर नाही. शॉर्टवेव्हवर बीबीसी लागलं तर लागलं. घरी फोन लावावा तर डॉलर भराभर जाणार, आणि तेवढ्यात आई 'जेवलास का' यातच वेळ काढणार.

यूजनेट सुरू झालं ते १९७९-८० मध्ये, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांमध्ये. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर तिथून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर असा हातोहात पुढे जाई. त्याला कधी काही तास, कधी त्याहून जास्त वेळ लागे. वाद घालायला ही व्यवस्था उत्तम होती. उत्तर येईपर्यंत राग निवायला हवा होता, तो निवत नसे हा भाग वेगळा. चालू सामन्याचा स्कोअर कळायला मात्र तिचा उपयोग नव्हता. मजकूर पोहोचेपर्यंत सत्र संपलेलं असायचं.

१९८८च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने आयआरसी ही ऑनलाइन गप्पांची व्यवस्था तयार केली. लिहिलेली ओळ त्याच क्षणी सगळ्यांच्या पडद्यावर. क्रिकेटवाल्यांनी तिथेही एक खोली धरली. ज्याच्याकडे टीव्ही किंवा रेडिओ लागतो तो चेंडूगणिक टंकत बसायचा, आणि बाकीचे रात्र जागवून काळ्या पडद्याकडे बघत. मधेच सर्व्हरचा एकमेकांशी संपर्क तुटायचा आणि अर्धी खोली नाहीशी व्हायची; नेमका तेव्हाच कोणीतरी नव्वदीत असायचा. या पहिल्या स्थलांतराच्या मुळाशी भांडण नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. लोक वेगासाठी गेले, आणि तेही पुरते गेले नाहीत. रात्री आयआरसीवर सामना पाहायचा आणि सकाळी यूजनेटवर येऊन कर्णधाराला शिव्या घालायच्या, असा दुहेरी संसार चालू राहिला.

खोलीत नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला: स्कोअर काय? मिनेसोटा विद्यापीठातला ब्रिटिश संशोधक सायमन किंग याने १५ मार्च १९९३ रोजी आयआरसीवर एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, सोडला. विचारलं की तो धावसंख्या सांगायचा. त्याचं नाव क्रिकइन्फो. त्याच आठवड्यात दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्धच्या कसोटीत विनोद कांबळीने २२७ धावा काढल्या होत्या. योगायोगच, पण मला आवडणारा. बद्री शेषाद्री, विशाल मिश्रा यांच्यासारख्या अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांनी हे काम पुढे नेलं. पैसा कोणालाच मिळत नव्हता. दिवस प्रबंधाचा आणि रात्र धावफलकाची.

मग दुसरी उडी. आयआरसीवरचं बोलणं विरून जायचं, त्यामुळे धावफलक साठवायला जागा हवी होती. ती मिळाली गोफर या वेबच्या आधीच्या माहिती-व्यवस्थेवर, आणि गोफर तर १९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातच जन्मलेलं. पण १९९३ मध्ये विद्यापीठाने गोफरच्या सर्व्हरसाठी शुल्क आकारण्याचं ठरवलं, आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने वेब सगळ्यांना फुकट खुलं केलं. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. क्रिकइन्फोही वेबवर गेलं.

इकडे यूजनेटवर वेगळाच ताण होता. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुलं यायची, महिनाभर धुडगूस घालायची आणि मग रुळायची. १९९४ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने आपल्या ग्राहकांना यूजनेटची दारं उघडली आणि हा सप्टेंबर संपेनाच. भारत-पाकिस्तान सामन्यांनंतर क्रिकेटच्या गटात काय चालत असेल ते सांगायला नको. बातम्या आणि धावफलक यांच्यासाठी देखरेखीखालचे वेगळे गट काढावे लागले. माझ्या मते यूजनेटवरचा अड्डा फुटला तो इथे. ज्याला फक्त स्कोअर हवा होता त्याला आता शिवीगाळ सोसायचं कारण उरलं नाही.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. १९९६ मध्ये मायबोली हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं आणि क्रिकेटवर मराठीत भांडायचीही सोय झाली; तिथे चर्चेच्या पानाला 'बाफ' म्हणत, पुढे इतरत्र 'धागा'.

नंतरच्या उड्यांमध्ये चाहत्यांची इच्छा कमी आणि मालकाची जास्त. क्रिकइन्फो २००३ मध्ये विस्डेनकडे आणि २००७ मध्ये ईएसपीएनकडे गेलं. गूगलच्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर क्रिकेटच्या कम्युनिटी भरभरून वाहत होत्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ते बंद केलं. इंग्लंडमध्ये बीबीसीने २०११ मध्ये खर्चकपातीत '६०६' ही चाहत्यांची ऑनलाइन जागा बंद केली. संध्याकाळी सहा वाजून सहा मिनिटांनी सुरू होणाऱ्या रेडिओ कार्यक्रमावरून आलेलं हे नाव. कार्यक्रम चालू राहिला, पण तिथे लिहिणाऱ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. आपल्याकडची मंडळी ट्विटरवर गेली, बरीचशी व्हॉट्सॲपवर. तिथलं भांडण तर गटाबाहेर कोणाला दिसतही नाही.

या सगळ्या हलवाहलवीत धावफलक सुखरूप पोहोचले, कारण ते कोणीतरी नीट नोंदवून ठेवले होते. त्या रात्रींच्या गप्पांचं तसं झालं नाही. आयआरसीवरचं बहुतेक बोलणं हवेत गेलं. ऑर्कुटच्या सार्वजनिक कम्युनिटी काही काळ नुसत्या वाचण्यापुरत्या ठेवल्या होत्या, पुढे त्याही काढल्या. यूजनेटवरचं मात्र बरंच वाचलं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या डेजा न्यूज या संकेतस्थळाने ते साठवायला घेतलं आणि २००१ मध्ये गूगलने डेजाचा तो साठा विकत घेतला. त्याआधीच्या, १९८१ ते १९९१ या काळातल्या यूजनेटच्या गप्पा सापडल्या त्या टोरांटो विद्यापीठात. हेन्री स्पेन्सर नावाच्या गृहस्थाने त्या चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवल्या होत्या, प्राणीशास्त्र विभागात.