माड काहीच पुसत नाही

११ वर्षांनी त्याच बेटावर पुन्हा गेले आणि होडीतून उतरता उतरता नजर एका माडावर अडकली. मागच्या खेपेला तो किनाऱ्यावरच्या रांगेत सरळसोट उभा होता. माझ्याकडच्या जुन्या फोटोत तो तसाच दिसतो. आता तो समुद्राकडे कलला होता, आणि मध्यावरून वळून त्याने शेंडा पुन्हा आभाळाकडे नेला होता. हत्तीने सोंड उचलावी तसा.

त्या वेळी मी प्रवाळ पाहिले, पक्षी मोजले, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांत तासन्‌तास डोकावले. माडांकडे मात्र पाहिलेच नाही. उष्ण कटिबंधातले बेट म्हटल्यावर माड असायचेच, हे इतके गृहीत धरले होते की ते दिसेनासे झाले होते. या खेपेला आठ दिवस मी जवळजवळ फक्त माडच पाहिले, आणि मधल्या ११ वर्षांत बेटावर काय काय घडले ते बरेचसे त्यांच्या खोडांवर वाचता आले.

हे वाचता येते, कारण माड आंब्या-वडासारखा वाढत नाही. आंब्याच्या सालीच्या आत कॅम्बियम नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला सालीचा भाग तयार करत राहतो. त्यामुळे खोड वर्षागणिक जाड होते, जखमा भरून येतात, जुन्या खुणा सालीखाली गडप होतात. माडाला हा थरच नाही. तो गवत, बांबू, केळ यांच्या गोतातला, एकदल. त्याची सगळी वाढ शेंड्यातल्या एका कोंबातून होते. त्या कोंबाने जेवढ्या जाडीचे खोड एकदा रचले तेवढेच ते जन्मभर राहते. वर नवे खोड चढत जाते, खालचे जसे होते तसेच.

एका खोडावर कुणीतरी चढण्यासाठी पायऱ्यांसारख्या खाचा पाडल्या होत्या. त्यातली पहिली खाच माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होती, जुन्या फोटोतही गुडघ्याएवढ्याच उंचीवर आहे. झाड उंच होते तशा खोडावरच्या खुणाही वर सरकत जातात असे अनेकांना वाटते, पण ते कुठल्याच झाडात होत नाही, उंची शेंड्याकडूनच वाढते. माडाचे वेगळेपण खाचेच्या कडांत आहे. आंब्याच्या खोडावर ११ वर्षांत सालीची वळी आत सरकून खाच बुजत आली असती. इथे कडा तितक्याच ठसठशीत होत्या. माड जखम भरून काढत नाही, जखमेसकट जगतो.

खोडावर सगळ्यात ठळक दिसतात ते गळून गेलेल्या झावळ्यांचे वण. प्रत्येक झावळी देठाच्या पसरट बुडाने खोडाला मिठी मारून बसलेली असते, आणि गळाली की त्या मिठीचे कडे मागे राहते. उंच जातीचा निरोगी माड वर्षाला साधारण १२ ते १४ झावळ्या काढतो, म्हणजे महिन्याला एकापेक्षा थोडी जास्त. शेंड्यावर एका वेळी तीसेक उघड्या झावळ्या असतात. एवढे माहीत असले की खोड पंचांगासारखे उघडता येते.

कललेल्या माडाचा हिशेब मी असाच केला. खोड आडवे झाल्यामुळे खालचे वण हाताने चाचपून मोजता आले, वरचे दुर्बिणीतून. वळणापासून शेंड्यापर्यंत ९८ वण भरले आणि शेंड्यावर ३१ झावळ्या. वळण पडले तेव्हा शेंडा तिथेच होता, म्हणून त्यानंतर निघालेली पाने झाली १२९. वर्षाला १३ धरली तर जवळजवळ दहा वर्षे. हिशेब ढोबळ आहे, वर्षभर इकडेतिकडे होऊ शकते. पण मी बेट सोडून गेल्यावर लवकरच इथे मुळाखालची वाळू वाहून गेली एवढे त्यातून कळते.

किनाऱ्यावरचे माड समुद्राकडेच का झुकतात, असे पुष्कळ जण विचारतात. नारळ थेट पाण्यात पडून दूर जावेत म्हणून, असे एक उत्तर नेहमी दिले जाते. मला ते उलट्या बाजूने सांगितलेले वाटते. पाठीमागे इतर माडांची सावली आणि समोर पाण्यावर मोकळा उजेड, अशा जागी शेंडा उजेडाकडे वाढतो. शिवाय लाटा समुद्राकडच्या बाजूची वाळू आधी नेतात, त्यामुळे बुंधा त्याच अंगाला बसतो. नारळ पाण्यात पडतात ते त्यानंतर. बुंधा एकदा कलला की कोंब गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेला वळून उभा वाढू लागतो. मात्र आधी घडलेले खोड सरळ करणे त्याच्या हातात नसते, म्हणून तो बाक कायमचा राहतो.

एवढे कलूनही तो उभा कसा राहतो, हे बुंध्याशी गेल्यावर दिसते. माडाला सोटमूळ नसते. बुंध्याच्या फुगीर तळातून काही हजार मुळे निघतात, सगळी जवळपास एकाच जाडीची, करंगळीएवढी. वाळू सरकलेल्या बाजूला ती झालरीसारखी उघडी लोंबत होती, आणि उरलेल्या वाळूत बाकीच्यांनी बुंधा घट्ट धरून ठेवला होता.

आणखी एका माडावर दोन वितींच्या अंतरात वण इतके दाटीने बसले होते की बोट मध्ये शिरेना, आणि तिथे खोडही कमरेसारखे बारीक झाले होते. तो वाईट काळाचा पट्टा. पाणी किंवा पोषण कमी पडले, मुळाशी खारे पाणी साचून राहिले, की कोंब लहान होतो आणि तेवढ्या काळात बारीक खोड रचतो. पुढे चांगले दिवस आले की वरचे खोड पुन्हा जाड निघते. खालचा बारीक भाग मात्र भरून येत नाही. पाऊस गेला होता की भरतीचे पाणी आत घुसले होते, हे खोड सांगत नाही. काळ तेवढा मोजता येतो, आणि तो पहिला माड कलला त्याच आसपासचा निघाला.

खोडाच्या आतली गोष्ट तर मला याहून विलक्षण वाटते. माडाचे खोड आडवे कापले तर वाढीची वर्तुळे दिसत नाहीत, हजारो ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांचा एक जुडगा. हे हजारो जुडगे वर जाताना कुठून कुठे जातात, हे फार काळ नीट उलगडत नव्हते. १९६० च्या दशकात मार्टिन झिमरमन आणि बॅरी टॉमलिन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यावर सुंदर युक्ती काढली. ऱ्हापिस नावाच्या बारीक खोडाच्या पामाचे त्यांनी एकामागून एक पातळ काप घेतले आणि प्रत्येक कापाचे चित्र सिनेमाच्या फिल्मवर टिपले. फिल्म चालवली की पाहणारा जणू खोडाच्या आतून वर वर जाऊ लागतो, आणि ठिपके हलू लागतात. जुडगा आधी कडेने चढतो, हळूहळू गाभ्याकडे सरकतो, मग एकाएकी बाहेर वळून पानात शिरतो. पण शिरण्याआधी तो एक फाटा काढून देतो. तो फाटा कडेने वर चढत पुढच्या कुठल्यातरी पानाकडे निघतो. पाने गळत राहतात आणि वाट चालू राहते.

यातून निघणारी एक गोष्ट मनात आणून पाहा. आंब्याला दरवर्षी नव्या नलिका मिळतात. माडाला बुंध्याशी नव्या नलिका कधीच मिळत नाहीत. ८० वर्षांच्या माडाच्या बुंध्यातून आज वर जाणारे पाणी ८० वर्षांपूर्वी घडलेल्या नलिकांतूनच जाते. शेजारच्या पेशीही तेवढ्याच वयाच्या, आणि जिवंत. प्राण्यांत किंवा वनस्पतींत इतकी वर्षे काम करत राहणाऱ्या पेशी फार थोड्या आहेत. खोड जाड न होता वाढत्या उंचीचा भार कसा पेलते, याचेही उत्तर याच पेशींत आहे. वय वाढेल तशा कडेच्या तंतूंच्या भिंती आतून जाड आणि टणक होत जातात. म्हणून म्हाताऱ्या माडाचा बुंधा बाहेरच्या बाजूने अतिशय कठीण असतो, तर शेंड्याजवळचे खोड मऊ आणि लवचीक. वादळात तो वाकतो आणि परत उभा राहतो, यामागे या रचनेचा वाटा मोठा आहे.

वण मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. झावळ्या खोडाभोवती गोल फिरत जातात, काही माडांत डावीकडून, काहींत उजवीकडून. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेल्या टी. ए. डेव्हिस यांनी असंख्य माडांची ही दिशा तपासली. ती आनुवंशिक नाही, डावऱ्या माडाची पिल्ले निम्मीशिम्मी डावरी आणि निम्मी उजवी निघतात, असे त्यांना आढळले. मी ४० माड तपासले. माझ्या वहीत डावे २२ आणि उजवे १८ आहेत.

मागच्या फोटोंत नसलेली एक खूण या वेळी झावळ्यांवर दिसली, आणि ती पाहून पोटात गोळा आला. काही झावळ्यांच्या पाती दोन्ही बाजूंनी सारख्याच तिरक्या कापलेल्या होत्या, कात्रीने त्रिकोण काढावा तशा. हे काम गेंड्या भुंग्याचे. तो शेंड्यातल्या न उघडलेल्या सुरळीत भोक पाडून रस पितो. पाती तेव्हा घडी घालून मिटलेल्या असतात. सुरळी उघडली की एकाच भोकाच्या जागी अनेक पातींवर काप दिसतात, कागदाची घडी कातरून उलगडल्यासारखे. झावळी महिन्याला साधारण एक निघते, त्यामुळे वरून कितव्या झावळीवर काप आहे यावरून भुंगा कधी आला तेही सांगता येते. सर्वात जुने काप सोळाव्या-सतराव्या झावळीवर होते. सव्वा वर्षाहून अधिक काळ झाला असावा. पाती कापल्या गेल्या तर माड सावरतो. भुंगा खोल जाऊन कोंबालाच लागला तर दुसरा कोंब नसतो, माड मरतो.

हा भुंगा मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला. १९०९ मध्ये तो श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर सामोआत पोहोचला आणि पॅसिफिक बेटांवर पसरत गेला. १९६० च्या दशकात मलेशियात त्याला मारणारा एक विषाणू सापडला. तो सामोआत सोडल्यावर भुंग्यांची संख्या आटोक्यात आली, आणि पुढची कित्येक वर्षे हा उपाय चालला. मग २००७ मध्ये ग्वाम बेटावर जो भुंगा सापडला त्याच्यावर हा विषाणू चालेना. भुंग्याच्या अळ्या कुजणाऱ्या खोडांत वाढतात. २०१५ मध्ये डॉल्फिन नावाच्या वादळाने ग्वामवर माड आडवे केले, त्या कुजक्या खोडांत भुंगे माजले, आणि वादळातून वाचलेले माडही जाऊ लागले. म्हणून पडलेले खोड किनाऱ्यावर तसेच राहू देणे धोक्याचे. मला दिसलेली तीन कुजकी खोडे कुठे आहेत, ते मी निघण्यापूर्वी तिथल्या लोकांना दाखवून आले.

शेवटच्या दोन दिवसांत मी बेटाच्या आतल्या अंगाला गेले आणि तिथे वेगळेच दिसले. माड ओळीत होते. दोन माडांत सारखे अंतर, वयही जवळपास सारखे. हे जंगल लाटांनी आणलेल्या नारळांचे नव्हे, खोबऱ्यासाठी कुणीतरी लावलेली जुनी बाग. आपण बेटावर माड पाहतो आणि ते निसर्गाचे मानतो, पण जगभर बहुतेक माड माणसाच्या हाताने पोहोचले. २०११ मध्ये १,३०० हून अधिक माडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन स्पष्ट घराणी निघाली, एक पॅसिफिकचे आणि एक हिंदी महासागराचे. मादागास्कर आणि कोमोरोसच्या बाजूला दोन्ही मिसळलेली सापडतात, आग्नेय आशियातून तिकडे गेलेल्या दर्यावर्दी लोकांची ती खूण.

पॅसिफिकच्या मध्यावर पाल्मायरा नावाचे प्रवाळबेट आहे. नाव पामवरून नाही, तिथे आश्रयाला आलेल्या एका जहाजावरून पडले आहे. तिथल्या संशोधनात दिसले की जिथे माडांची दाटी आहे तिथे समुद्रपक्षी घरट्यांसाठी कमी येतात, कारण बसायला फांद्या नाहीत आणि शेंडा सतत हलतो. पक्षी नाहीत म्हणून त्यांची शीट नाही, माती कसहीन राहते. स्थानिक झाडांखालच्या मातीत पोषकद्रव्ये कितीतरी जास्त असतात, ती पावसाने वाहून समुद्रात जातात आणि तिथल्या प्लवकांनाही, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनाही, मिळतात. आता तिथे माड काढून मूळची झाडे वाढवण्याचे काम चालू आहे. माडावर जीव असलेल्या मला हे पचायला वेळ लागला. मग वहीतल्या जुन्या पानांवर पाहिले. ११ वर्षांपूर्वी मी मोजलेली पक्ष्यांची घरटी सगळी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, पसरट फांद्यांच्या झाडांवर होती. ओळीतल्या माडांवर एकही नव्हते.

निघण्याच्या सकाळी भरतीच्या रेषेवर एक नारळ रुजलेला दिसला. सोडणातून बाहेर आलेली त्याची चार-पाच पाने अजून फाटलेली नव्हती. माडाची पहिली पाने अखंडच असतात, पाती सुट्या होत जातात त्या नंतर. पुढची चार-पाच वर्षे त्याला दिसण्याजोगे खोड येणार नाही. या काळात कोंब जमिनीलगत राहून फक्त रुंद होत जातो, आणि पुरेसा रुंद झाल्यावरच वर निघतो. तो आयुष्यभर किती जाड राहील हे बरेचसे त्या वाळूत, त्या चार-पाच वर्षांत ठरणार आहे. मी त्याच्या पानांचा फोटो काढला, आणि कललेल्या माडापासून तो किती पावलांवर आहे ते वहीत लिहून घेतले. २७ पावले, पूर्वेला.