लहान छेद महागात का पडला?

पोटावर चार-पाच छोटी भोकं, कमी रक्तस्राव, दोन-तीन दिवसांत घरी. दुर्बिणीची शस्त्रक्रिया कुणाला नको असेल? मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात तर मोठमोठ्या चाचण्यांनी दुर्बिणीच्या बाजूनं कौल दिला होता: आजार परत येण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकंच, त्रास मात्र कमी. मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही तसंच असणार, असं बहुतेक सर्जननी धरून टाकलं. १९९०च्या दशकापासून ही पद्धत रुजत गेली, पुढे रोबोटही आला. पुरावा होता तो जुने केसपेपर चाळून काढलेला, आणि तोही बहुतेक अल्पकाळाचा.

या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातली शस्त्रक्रिया म्हणजे नेहमीची पिशवी काढणं नव्हे. गर्भाशयाबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंच्या ऊती, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीही काढतात. मूत्रवाहिनी या ऊतींमधूनच जाते, ती जपून मोकळी करावी लागते. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट व्हेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये पोट उघडून ही शस्त्रक्रिया केली, आणि पुढची जवळपास शंभर वर्षं तोच मार्ग मुख्य राहिला.

दोन्ही मार्गांची समोरासमोर तुलना करणारी ‘लॅक’ ही चाचणी २००८ मध्ये सुरू झाली. १३ देशांतली ३३ केंद्रं त्यात होती. कुणाला कोणती शस्त्रक्रिया मिळणार हे डॉक्टर ठरवत नव्हते, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं. दुर्बीण सरस आहे हे सिद्ध करण्याचा तिचा हेतूच नव्हता. दुर्बीण फारशी कमी पडत नाही, एवढंच दाखवायचं होतं. ७४० स्त्रिया घ्यायचं ठरलं होतं, पण ६३१ झाल्यावर २०१७ मध्ये भरती थांबली. मधल्या आकडेवारीवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला दुर्बिणीच्या गटात मृत्यू जास्त दिसले होते.

निकाल २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहण्याचं प्रमाण पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ९९ आणि ९३.८ टक्के. एकूण २२ मृत्यूंपैकी १९ दुर्बिणीच्या बाजूला होते. त्याच अंकात अमेरिकेतल्या कर्करोग नोंदींचा एक स्वतंत्र अभ्यास होता, २,४६१ स्त्रियांचा. चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात ९.१ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत ५.३ टक्के. चाचणी एक, नोंदी दुसऱ्या, पण बोट एकाच दिशेला.

मला यात सगळ्यात बोचते ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या सुखासाठी हा मार्ग धरला, ते सुखही चाचणीत फारसं हाती लागलं नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी विचारलेल्या प्रश्नांत दोन्ही गटांचं जीवनमान सारखंच निघालं. गुंतागुंतीचं एकूण प्रमाणही जवळपास सारखंच होतं. दुर्बिणीचा फायदा पहिल्या आठवड्यात डोळ्यांना दिसतो, तोटा दिसायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर तो सर्जन आणखी कितीतरी शस्त्रक्रिया करून मोकळा झालेला असतो.

असं का व्हावं? ठाम उत्तर नाही, पण संशयित आहेत. पहिला संशयित म्हणजे मॅनिप्युलेटर. योनीमार्गातून गर्भाशयात सरकवलेली ही दांडी. तिच्या आधारानं सहाय्यक गर्भाशय वर ढकलतो, डावीउजवीकडे वळवतो, म्हणजे दुर्बिणीला जागा दिसते. अस्तराचा कर्करोग गर्भाशयाच्या आत बंद असतो. गर्भाशयमुखाची गाठ मात्र पुष्कळदा उघड्यावर, नेमकी या दांडीच्या वाटेवर असते. दांडी तिथे घासते, दाबते. मग पोटाच्या आतूनच योनी कापली जाते तेव्हा ही गाठ थेट पोटाच्या पोकळीत उघडी पडते. त्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड दाबानं भरलेला, रुग्णाचं डोकं खाली कललेलं. सुटलेल्या पेशींना पसरायला आणखी काय हवं? उघड्या शस्त्रक्रियेत गाठीच्या खालून चिमटा लावून योनी बंद करता येते, मग कापता येते.

युरोपातल्या ‘सक्कर’ या अभ्यासातून या संशयाला बळ मिळालं. मॅनिप्युलेटर वापरलेल्या स्त्रियांत आजार परतण्याचा धोका उघड्या शस्त्रक्रियेच्या सुमारे पावणेतीनपट होता. न वापरलेल्यांत तसा फरक दिसला नाही. योनी आधी शिवून गाठ झाकून घेतली होती, तिथेही निकाल चांगले होते. पण हाही जुन्या नोंदींचाच अभ्यास. असल्या पुराव्यावर एकदा भिस्त ठेवून झालेली आहे.

‘लॅक’वर टीकाही झाली. सर्जन पुरेसे तरबेज नव्हते, हा नेहमीचा आक्षेप. वास्तविक प्रत्येक केंद्राला आधीच्या केसेसची माहिती आणि काटछाट न केलेले व्हिडिओ तपासणीसाठी द्यावे लागले होते. उघड्या गटाचे निकाल नेहमीपेक्षा फारच चांगले आले, या आक्षेपात मात्र थोडं तथ्य वाटतं. तरी २०२४ मध्ये आलेल्या अंतिम विश्लेषणातही चित्र पालटलं नाही: ९६ विरुद्ध ८५ टक्के.

ज्यांची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊन गेली आहे त्यांनी हे वाचून हबकू नये. शंभरातल्या पंच्याऐंशींचा आजार साडेचार वर्षांत परतलेला नव्हता, आणि परतण्याची शक्यता मुख्यतः पहिल्या काही वर्षांत असते. तपासण्या मात्र चुकवू नयेत. रोबोटसाठी स्वीडनच्या पुढाकारानं ‘रॅक’ ही वेगळी चाचणी आखली गेली, तीत मॅनिप्युलेटर वर्ज्य आहे.

दरम्यान दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठींबाबत एक निराळाच प्रश्न विचारला गेला: आजूबाजूच्या एवढ्या ऊती काढायलाच हव्यात का? ७०० स्त्रियांच्या ‘शेप’ चाचणीत तीन वर्षांनी ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर २.१७ टक्के आणि साध्या पद्धतीनं गर्भाशय काढल्यावर २.५२ टक्के होतं. लघवीच्या तक्रारी मात्र साध्या शस्त्रक्रियेनंतर कमी निघाल्या.